लायक कोच येईपर्यंत

६ मार्च
हरलो. आपल्याच जिममध्ये, आपल्याच लोकांसमोर, आणि तेही तळाच्या टीमकडून. कोच लँड्रीने शेवटचा टाइमआउट घेतलाच नाही. खिशात घालून घरी न्यायचा असेल. यंदा मॅचमध्ये ओरडायचं नाही असं मी ठरवलं होतं. डॉक्टरांचं ब्लडप्रेशरवरून टुमणं चालू आहे. पहिल्या हाफमध्ये एक शब्द बोललो नाही. दुसऱ्या हाफचं धरायचं नाही, तिथे ओरडायला सबळ कारण होतं.
सवयीने पॉपकॉर्नची पिशवी शेजारच्या सीटकडे धरली. सीट रिकामी. तिच्या पलीकडच्या बाईने हात लांबवून मूठभर घेतले.
ती रॉइसची सीट. माझा थोरला भाऊ. नोव्हेंबरात गेला, सीझन सुरू व्हायच्या आठवड्यात. लार्किन कॉलेजच्या बास्केटबॉल मॅचला पाच नंबरवर मी आणि सहा नंबरवर तो, हे माझ्या लग्नाच्याही आधीपासूनचं. लग्न टिकलं नाही. सीटा टिकल्या.

७ मार्च, दुपारी
रॉइस येऊन गेला.
भूत वगैरे नाही. आम्ही मेनोनाइट पंथाचे ख्रिस्ती आहोत, आमच्यात भुतं नसतात. मी टीव्हीसमोर बसून लँड्रीला शिव्या घालत होतो. शेजारच्या, माझ्याकडे आला की तो बसायचा त्या आरामखुर्चीची पाय ठेवायची फळी खाट्कन वर आली आणि तो म्हणाला, अरे धाकट्या, तू इथून शिव्या दिल्याने तिथे बॉल बास्केटमध्ये पडतो का? मी म्हटलं, पडत नाही, पण मला बरं वाटतं. तो म्हणाला, मग दे.
नोव्हेंबरपासून असंच चाललंय. मी तक्रार केली की येतो आणि मला खोडून काढतो. हयात असतानाही दुसरं काही करत नव्हता.

९ मार्च
नेडीनचा फोन. रॉइसची बायको. म्हणाली, तिकीट ऑफिसला पंधरा एप्रिलच्या आत कळवायचंय, पुढच्या सीझनला दोन सीटा ठेवायच्या की एक. लोक रांगेत उभे आहेत मर्ल, रिकाम्या खुर्चीचे पैसे किती वर्षं भरणार? सोड आता ती.
मी तिला शांतपणे समजावलं. (ती म्हणते मी ओरडलो.) रॉइसची शेवटची दहा वर्षं भिकार बास्केटबॉल बघण्यात गेली. टीम अशी हरलेली असताना त्याला उठवून लावायचं? ज्या दिवशी या कॉलेजला लायक कोच मिळेल त्या दिवशी मी स्वतः जाऊन सीट सोडेन. शब्द म्हणजे शब्द. विसरू नये म्हणून इथे लिहून ठेवतोय.

१२ मार्च
लँड्रीला काढला!! स्वतःसाठी बेकरीतून ॲपल पाय आणला. सबंध खाल्ला.
रात्री आनंद ओसरला. नवा कोच निवडणार कोण? टॉलिव्हर. आमचा क्रीडासंचालक. हा माणूस आधी फ्रोझन पिझ्झाच्या जाहिराती करायचा. दर वाक्यात एकदा ब्रँड म्हणतो. त्याने बँडच्या पोरांना कोपऱ्यात ढकललं आणि धूर सोडायचं मशीन आणलं. उंटावरून शेळ्या हाकणारा तरी उंटावर बसलेला असतो. याला उंट कुठला आणि शेळी कुठली हेच माहीत नाही.
त्यात या गावात एका मेलेल्या कोचचा फोटो जिमच्या दारावर आहे. त्याने एकदा कप आणला होता, तेव्हा मी शाळेत होतो. येईल त्या प्रत्येक कोचला त्या फोटोखालून आत जावं लागतं, आणि दोन-तीन सीझनमध्ये त्याच दारातून बाहेर.
ठराव: चाहत्यांच्या ऑनलाइन फोरमवर रोज फक्त एक तास. लिहायचं नाही, नुसतं वाचायचं.

१६ मार्च
फोरमवर लिहिलं. पण बातमीच तशी होती.
डच योडरच्या कोंबडी-खाद्याच्या पैशावर अर्धं कॉलेज उभं आहे, आणि कोच आणायला नेहमी त्याचंच खाजगी विमान जातं. विमान कुठे आहे ते फोनवर दिसतं. सकाळपासून नजर ठेवून होतो. दहाच्या सुमाराला उडालं. डेटनला उतरलं! डेटनजवळ कोण आहे? मॅन्कुसो. तीन वर्षांत दोनदा लीग जिंकलेला कोच. मी फक्त एवढंच लिहिलं की विमान डेटनला आहे आणि जाणकारांनी काय ते समजावं.
रॉइस म्हणाला, योडरचा दात दुखत असेल. याला कशाचंच गांभीर्य नाही.

१७ मार्च
रेडिओवर सकाळी सांगितलं: विश्वसनीय सूत्रांकडून कळतं, लार्किनचं मॅन्कुसोशी बोलणं चालू. झालं शिक्कामोर्तब! मी एकटाच म्हणत नाही, आता रेडिओही म्हणतोय.
रॉइस खुर्चीत इतका हसला की फळी हलायला लागली. म्हणाला, अरे बाबा, ते विश्वसनीय सूत्र तूच आहेस.
शक्य नाही. रेडिओवाले चौकशी करतात.

१९ मार्च
न्हाव्याकडे कळलं. योडरच्या मेहुणीचं डेटनला खुब्याचं ऑपरेशन होतं. विमान तिच्यासाठी गेलं होतं.
आणि मॅन्कुसोला त्याच्या कॉलेजने दणदणीत पगारवाढ देऊन बांधून घेतलं. लार्किन त्याला पळवणार अशी त्यांना धास्ती बसली म्हणे. म्हणजे ती पगारवाढ माझ्यामुळे झाली. साधे आभार तरी मानावेत माणसाने.
फोन कपाटात ठेवला. विमानं बघणं बंद.
संध्याकाळी काढला. दुसऱ्या कामासाठी.

२४ मार्च
कोच ठरला. लेनर्ड केट्स.
कोण केट्स? कॅन्ससमधल्या कुठल्याशा बारक्या कॉलेजचा. फोटोत तो स्कूलबसचा ड्रायव्हर वाटतो. फोरमवर नुसती आग लागली आहे. एकाने लिहिलं की याला आणायला विमान नाही, टपाल पुरलं असतं. (मीच लिहिलं.)
परवा जिममध्ये त्याची ओळख करून देणार आहेत. मी जाणार, आणि सगळ्यांसमोर प्रश्न विचारणार. फ्री थ्रोचं काय? मॅन-टू-मॅन डिफेन्स खेळणार का? प्रॅक्टिस गावाला बघायला मिळणार का? सोडणार नाही त्याला.
रॉइस म्हणाला, धाकट्या, त्याला आधी कोट तर काढू दे. किती लवकर कड घेतो हा! बराच वेळ भांडलो. मस्त गेली दुपार.

२६ मार्च
टॉलिव्हरने दिवे घालवले, धूर सोडला आणि ब्रँडची नवी पहाट वगैरे बोलला. केट्स धुरातून खोकत बाहेर आला. पहिलं वाक्य: ते मशीन जरा बंद करता का? जिम कोसळेल इतक्या टाळ्या. माझ्याही त्यात होत्या. बेसावध होतो.
मग म्हणाला, किती मॅच जिंकू ते मला माहीत नाही. फ्री थ्रो मात्र घालू, कारण तिथे कोणी अडवत नाही. डिफेन्स ज्याचा माणूस त्याने धरायचा, पळवाट नाही. आणि शनिवारी प्रॅक्टिसला जिमचं दार उघडं राहील, ज्याला यायचं त्याने यावं.
मला विचारायला काही उरलं नाही.
नंतर तो वर आमच्या सीटांपर्यंत आला आणि एकेकाला हात दिला. सहा नंबरकडे बघून विचारलं, इथे कोण? मी म्हटलं, माझा भाऊ बसतो. तो म्हणाला, मग त्यांना बघण्यासारखं काहीतरी देऊ आपण.
चांगला माणूस आहे. लायक आहे. लिहून टाकलं.
घरी येऊन रॉइसला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. काही बोलला नाही. त्यालाही धक्का बसला असणार.

२९ मार्च
फोरमवर केट्सचं कौतुक. काल शिव्या देणारे आज आरत्या ओवाळतायत. कित्येक वर्षांत पहिल्यांदा माझी कशाबद्दलच तक्रार नाही. जेवण व्यवस्थित. ब्लडप्रेशर उत्तम.
रॉइस आला नाही.

५ एप्रिल
शनिवारची प्रॅक्टिस. पोरं बॉलसाठी जमिनीवर झोकून देत होती. केट्स एकदाही ओरडला नाही. खोट काढायला जागा नव्हती.
घरी आलो. खुर्चीची फळी वर येत नाही. बिजागरी आखडली असेल म्हणून तेल घातलं. हाताने ओढली की येते.
घरात फार शांत आहे. नेडीनला फोन करावासा वाटला, पण ती सीटचं काढेल.

८ एप्रिल
ती स्वतःच आली. चिकन आणि नूडल्स घेऊन. म्हणाली, सगळं गाव केट्सला डोक्यावर घेऊन नाचतंय, तूही नाचतोयस असं कळलं. मग? दिलेला शब्द?
मी म्हटलं, अजून एक मॅच खेळलेला नाही तो. तुरी अजून बाजारात आहेत, आताच कसं ठरवू?
ती हसली नाही. खुर्चीकडे बघत राहिली. मग म्हणाली, मर्ल, रॉइसला बास्केटबॉलचं एवढं नव्हतंच कधी. स्कोअरसुद्धा विसरायचा. तो तुझी कटकट ऐकायला यायचा. घरी येऊन तुझी नक्कल करायचा आणि आम्ही दोघं पोट धरून हसायचो. म्हणायचा, तो बोंबलतोय तोवर ठीक आहे, गप्प झाला की मला काळजी वाटते.
मी तिला म्हटलं, असं काही नाही, त्याला झोन डिफेन्समधलं माझ्याइतकंच कळायचं. ती म्हणाली, बरं. भांडं नंतर आणून दे.
ती गेल्यावर नूडल्स खाल्ल्या. बऱ्याच उरल्या. दोघांना पुरतील एवढ्या करते ती अजून.
नेडीनची काहीतरी गफलत होतेय.

१५ एप्रिल
शेवटची तारीख. सकाळी जाऊन दोन्ही सीटांचे पैसे भरले. मी शब्द मोडलेला नाही. नीट विचार केल्यावर लक्षात आलं की केट्स लायक नाही.
दुपारी खुर्चीसमोर बसून रॉइसला मोठ्याने सांगितलं. म्हटलं, हा केट्स फसवा आहे. गोड बोलतो. डिफेन्समधलं ओ की ठो कळत नाही. पोरांना वळण नाही. ज्याला कॅन्ससने सोडला त्याला आपण उचलला. टॉलिव्हरने आगीतून फुफाट्यात टाकलं आपल्याला. लँड्री बरा होता म्हणायची पाळी येणार, बघ तू.
आवाज बराच चढला. शेजारची कुत्री भुंकायला लागली.
यातली एकही गोष्ट खरी नव्हती. लहान पोरानेसुद्धा मला खोडून काढलं असतं.
जरा थांबून पुन्हा सगळं सांगितलं, हळू आवाजात, मध्ये बोलायला जागा ठेवून.