माझं पथ्य, तुझा उपास

आईस, पाया पडून आणि चांगलंच रागावून,

मी बरी आहे. आता तुझं बोलू. महिनाभर भाताला हात लावला नाहीस आणि परवा धानाच्या बांधीत चक्कर येऊन पडलीस, हे भूमिका वहिनीनं फोनवर सांगितलं.

"डॉक्टरनं पोरीले पथ्य सांगितलं, मंग मी कायले भात खाऊ?" म्हणालीस म्हणे. वर नागऱ्याच्या महादेवाला नवस बोललीस, की रेणूचे पाय धड होईपर्यंत भात बंद. अगं, मल्टिपल स्क्लेरोसिस हा नसांचा आजार मला झालाय, तुला नाही! आणि भात तर डॉक्टरांनी मलाही बंद केलेला नाही. भाजी, डाळ, मासे वाढवा, तळलेलं-गोड कमी करा, थकवा थोडा उतरू शकतो, एवढंच म्हणाले. 'शकतो,' आई. औषधं चालूच.

थकवा कमीच आहे. दुपारपर्यंत वह्या तपासून होतात. नंतर पेन जरा जड लागतं, इतकंच.

पण पाय पहिल्यासारखे होतील असं कोणीच म्हणत नाही. म्हणजे तुझा नवस पुरा व्हायचा नाही आणि तू मात्र उपाशी राहशील.

दिवाळीत येईन. काठी टेकत (हो, काठी आहे, वहिनीला माहीत होतं) महादेवासमोर उभी राहीन आणि सांगेन, पाय एवढेच आहेत, म्हातारीला सोडा.

तोवर थांबायचं नाही. हे वाचून झालं की जेवायला बस. वहिनी ताटाचा फोटो पाठवणार आहे. त्यात भात दिसला पाहिजे, आणि अर्धा संपलेला.

तुझ्याइतकीच हट्टी,
रेणू