आमेन जरा लवकर झालं

रविवार, ४ फेब्रुवारी
आज सकाळी उपासनेत धाकटा भाऊ आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने प्रार्थना करायला उभा राहिला. मुळात तो मुखदुर्बळ. "हे प्रभू, तू... तू..." करत अडकला. मंडळी अवघडून गेली. थोरला म्हणून मला राहवेना. त्याची सुटका करावी म्हणून मी खणखणीत "आमेन" म्हटलं. सवयीने सगळे "आमेन" म्हणाले आणि खाली बसले. धाकटा तोंड उघडं ठेवून उभाच. मग मीच एक सविस्तर प्रार्थना करून वेळ सावरली.
घरी येताना बायको एक शब्द बोलली नाही. बहुधा भारावली असावी.

सोमवार, ५
धाकटा बोलत नाही. आमचं शिवणकामाचं दुकान एकच. कापतो मी, शिवतो तो. आज कापलेलं कापड माझ्या हातून घेईना, टेबलावर ठेवलं की उचलायचा. गिऱ्हाइकाला म्हणाला, "माप ते घेतील." ते! सख्ख्या भावाला!
बायको म्हणते, माफी मागा. म्हटलं, कशाची? मदत केल्याची?
तरी विचार केला. नम्रता हा ख्रिस्ती जीवनाचा पाया आहे. तेव्हा आजपासून नम्र व्हायचं. मी एकदा मनावर घेतलं की मागे हटत नाही. महिनाअखेर माझ्याइतका नम्र माणूस मंडळीत शोधून सापडू नये.

बुधवार, ७
माफी तयार केली. तीन भाग: प्रस्तावना, थोरल्याचं कर्तव्य, शेवटी दिलगिरी. दुकानात कोणी नाही असं बघून सुरुवात केली. दुसरा भाग छान रंगला होता, तेवढ्यात तो म्हणाला, "दादा, दोन्ही बाह्या डाव्याच कापल्यास."
डाव्याच होत्या. दिलगिरी राहून गेली.

रविवार, ११
नेहमीचा पहिला बाक सोडून मुद्दाम शेवटच्या बाकावर बसलो. कोणी मागे वळून पाहिलं नाही. खोकलो. तरी नाही. शेवटी पाळकीणबाई आल्या नि म्हणाल्या, "पाठ धरलीय का हो? मागेच बरं, उठायला-बसायला सोपं."
प्रार्थनेच्या वेळी ओठ घट्ट मिटून घेतले. माझी प्रार्थना नाही म्हणून मंडळी किती हळहळली असेल! उपासना लवकर सुटली. लोक कधी नव्हे इतके प्रसन्न दिसत होते. माझ्या नम्रतेचा गुण इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं.
बायकोला सांगितलं. म्हणाली, "नवी आहे, काखेत काचत असेल. थोडी सैल करून घ्या." शिंप्याच्या बायकोने असं बोलू नये.

मंगळवार, १३
बायकोने आज सांगितलं. भावजयीला पुन्हा दिवस गेलेत. आधी दोनदा राहिलं नाही. डॉक्टरीणबाईंनी अंथरुणातून उठायचं नाही म्हणून बजावलंय. त्या रविवारी धाकटा मंडळीसमोर, हे तरी मूल राहू दे, एवढंच मागणार होता. कितीतरी दिवस मशीनवर बसून पाठ करत होता म्हणे.
ते पुटपुटणं मी ऐकलं होतं. मला वाटलं, गाणं गुणगुणतोय. सुरात म्हण, असंही मी त्याला सांगितलं होतं.
जेवण गेलं नाही.

गुरुवार, १५
पाळकसाहेबांना भेटलो. म्हटलं, रविवारी पुढे उभा राहून सगळ्यांदेखत माफी मागतो. वाटल्यास गुडघे टेकून. मला फक्त पाच मिनिटं द्या.
म्हणाले, "पाच मिनिटं कशाला? भाऊ तुमच्या दुकानातच असतो ना?"
म्हटलं, "हो, पण माझी नम्रता त्याला दिसायला हवी."
"त्याला तुम्ही दिसलात तरी पुष्कळ."
पाळकसाहेब तरुण आहेत. अनुभव कमी पडतो.

शनिवार, १७
दुकानात पाळकसाहेबांच्या बोलण्याची आठवण झाली. धाकट्याच्या मशीनपाशी जाऊन उभा राहिलो. मी तोंड उघडायच्या आत तोच बोलला. सोमवारी मशीन घरी हलवतोय. "तिच्याजवळ कोणीतरी हवं, दादा." एवढंच कारण का, हे विचारायचा धीर झाला नाही.
संध्याकाळी प्रार्थनेला बसलो. आजवर मला कधी शब्द कमी पडले नाहीत. आज "हे प्रभू" म्हटलं आणि पुढे काही येईना. तसाच बसून राहिलो. सुटका करायला कोणी नव्हतं.
ठरवलं: सोमवारी त्याच्याबरोबर जायचं. दोन शब्द बोलायचे. त्यापुढे एक नाही.

सोमवार, १९
मशीनची एक बाजू त्याने धरली, एक मी. वाटेत दोनदा टेकवलं. तो दम खात होता, मीही.
भावजय कॉटवर पडून होती. खूप सुकलीय. मशीन खिडकीशी ठेवलं. मग म्हणालो, "माझं चुकलं." पुढचा शब्द "कारण" होता. तो गिळला.
धाकटा नुसता "हं" म्हणाला आणि मशीनचा पट्टा चढवू लागला.
भावजय म्हणाली, "बसा ना, दादा. उभे का?"
मी स्टूल पुढे ओढलं. तेवढ्यात धाकटा मान वर न करता म्हणाला, "दादा, आम्हाला प्रार्थना करायचीय. जाताना दार ओढून घे."
स्टूल होतं तिथे ठेवलं. बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.