खाली? मोकळं

३ फेब्रुवारी

दादा ऐकत नाही. सांगितलेलं मानत नाही, हे लहानपणापासूनचं. पण आता त्याला खरंच ऐकू येत नाही असं वाटायला लागलंय.

शाळेच्या मैदानातलं झाड. मी वर, दोरावर भार टाकून, करवत चालू. कापायच्या आधी नेहमीसारखी हाक दिली – "खाली?" खालून दादा म्हणाला, "मोकळं." आमचे एवढेच दोन शब्द. वरच्यानं विचारायचं, खालच्यानं उत्तर द्यायचं, मगच करवत लावायची. पूर्वी तो चढायचा आणि मी खाली दोर धरायचे. त्याचा गुडघा गेला, जागा बदलल्या, शब्द तेच राहिले. हाक ऐकू यावी म्हणून मी हेल्मेटला जोडलेला, करवतीचा आवाज अडवणारा कानावरचा डावा मफ कायम वर सरकवून ठेवते. एवढा त्याच्या शब्दावर भरवसा.

फांदीत करवत अर्धीही गेली नव्हती तोच ती काडकन मोडली. आत नुसता भुसा. आणि दादा तिच्या बरोब्बर खाली! मान वर करून बघत उभा. अंग चोरलं म्हणून वाचला. शेंडा हेल्मेटला घासून गेला.

उतरले तर उलटा माझ्यावरच चिडलेला.

"सांगितलं होतं ना तुला?"

"सांगितलंस म्हणूनच कापली."

माझ्याकडे बघत राहिला. मग करवतीची साखळी काढली आणि कानस घेऊन दाते घासत बसला.  

४ फेब्रुवारी

झोप नीट नाही. त्याचं हेल्मेट डोळ्यांसमोरून जात नाही.

७ फेब्रुवारी

वहिनीला फोन केला. आडून विचारलं, दादाला ऐकायला कमी येतं का?

"वन्सं, तुमचा भाऊ लग्न झाल्यापासून बहिरा आहे. दारावरची घंटा वाजते, हा पेपर वाचत बसतो. भाजी आण म्हटलं तर 'काय?' आणि जेवायला ये म्हटलं की लगेच हजर."

हसले. पण घंटासुद्धा ऐकू येत नाही. वहिनी पुढेही बरंच काही बोलली. तिला फोनवर पुटपुटायची सवय आहे, निम्मं कळलंच नाही. माझा नवरा आतून म्हणतो, "फोन लावायची गरज काय, नुसती ओरडलीस तरी पोचेल."

१२ फेब्रुवारी

सामानाच्या दुकानात गेले होते. वाचनालयामागचं मोठं झाड पुढच्या महिन्यात उतरवायचंय. छपरावर कललंय, बुंध्याला अळंबी, क्रेन आत येत नाही. सगळं तुकड्यातुकड्यांनी, दोरानं खाली सोडायचं. म्हणून सगळं सामान एकदा तपासून घेतलं. दुकानदारानं हार्नेसची शिवण नखानं उचकटून पाहिली. ठीक. चढायच्या दोराला एका जागी लव सुटलीय, तो बाद. बुंध्याभोवती टाकायचा पट्टा ठीक. दोर अडकवायच्या एका कडीचं कुलूप अडकतंय, ती बदलली. मग त्यानं हेल्मेट हातात घेतलं.

"ताई, उजव्या मफची गादी पार फाटलीय. डावी बाजू मात्र कोरी करकरीत. वापरत नाही का ही?"

म्हटलं, त्या बाजूनं दादाचं ऐकायचं असतं.

तो काहीतरी म्हणाला. हा माणूसही हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतो. काय, म्हणून विचारलं तर मोठ्यानं म्हणाला, "हेल्मेटमध्ये बसवायचा वॉकीटॉकी आलाय, म्हटलं! दोघांनी दोन घ्या."

दादाला सांगितलं. "झाडावर बसून गाणी ऐकणार का?" विषय संपला.

१७ फेब्रुवारी

आज खात्री झाली.

गल्लीतलं किरकोळ काम. मधेच करवत बंद केली आणि मुद्दाम नेहमीची हाक न देता विचारलं, "पाणी आहे का रे?" कुठल्याही माणसानं आहे म्हटलं असतं किंवा नाही म्हटलं असतं. हा म्हणतो, "मोकळं."

म्हणजे ऐकतच नाही. माझा आवाज आला की ठरलेला शब्द फेकतो. त्या दिवशीही तेच केलं असणार. खाली कोण उभं आहे हे न बघता, स्वतःच उभा असताना.

उतरले. बाटलीत थेंब नव्हता. घसा कोरडा, आणि त्याच्याशी बोलावंसंही वाटेना.

१८ फेब्रुवारी

कसं सांगायचं? त्यानंच मला झाडावर चढायला शिकवलं. पहिली गाठ त्याच्याच हातची. पण वाचनालयाचं झाड त्याच्या "मोकळं"वर कापायचं म्हणजे त्यालाच फांदीखाली उभं करायचं. पुन्हा अंग चोरायला जमेल? त्या गुडघ्यानं?

चहा गार होईपर्यंत तीच वाक्यं जुळवत बसले. एकही बरं जमलं नाही.

२१ फेब्रुवारी

सांगितलं. टेम्पोत दोर भरताना, त्याच्याकडे न बघता. या कामाला दुसऱ्या टोळीतल्या मिशीवाल्याला घेऊया का.

"म्हणजे मला खाली उतरवतेस?"

"दादा, तू खालीच असतोस."

हसेल वाटलं होतं. हसला नाही. दोराचं वेटोळं माझ्या हातून घेतलं, सोडलं, पुन्हा नीट घातलं. मग म्हणाला, "खारे, कारण तरी सांग." लहानपणी मी खारीसारखी सरसर चढायचे, तेव्हापासून मला खार म्हणतो.

सांगितलं कारण.

"मी बहिरा?" दोरावरची पकड सैल झाली. "फांदी तू पाडलीस, आणि कान माझे?"

 टेम्पो मीच चालवला.

२२ फेब्रुवारी

दादाचा फोन नाही. त्याचे हातमोजे टेम्पोत राहिलेत.

२४ फेब्रुवारी

वहिनी येऊन उभी राहिली. तोडगा तिनंच काढला. कान तपासायचे. तो म्हणालाय, येतो, पण खार सोबत येणार असेल तर. तिच्यासमोर होऊन जाऊ दे.

मिशीवाल्याला थांब म्हणून सांगितलं. मनात येतं, दादाचे कान बरे निघावेत. लगेच मनात येतं, बरे निघाले तर मग त्या दिवशी काय झालं?

१ मार्च

दवाखान्यातली बाकडी. दादा इस्त्रीचा शर्ट घालून, परीक्षेला आल्यासारखा. आत काचेची एक छोटी खोली आहे. कानावर यंत्र लावतात, बारीक आवाज आला की बटण दाबायचं. तो आत गेला. वहिनी आणि मी एकमेकींकडे बघायचं टाळत बसलो.

बाहेर आला तो हसतच. तपासणारी बाई म्हणाली, वयाच्या मानानं उत्तम आहेत कान.

वहिनी ताडकन उठली. "म्हणजे घंटा ऐकू येत होती?"

दादा छताकडे बघायला लागला.

मला हसू येईना. कान चांगले असून तो मोकळं म्हणाला, हे तर जास्तच वाईट. बाई म्हणाली, "तुम्हीही करवतीचंच काम करता ना? आलाच आहात तर तुमचेही बघू." गेले आत.

आधी उजवा कान. बारीक बारीक आवाज, बटण दाबत गेले. मग ती खुणेनं म्हणाली, आता डावा. मी बटणावर अंगठा ठेवून बसले. सुरू व्हायची वाट बघत होते. बराच वेळ झाला. काचेपलीकडे ती खाली मान घालून काहीतरी करत होती. मग दार उघडलं. वाटलं, यंत्र बिघडलं असेल.

"झालं," म्हणाली.

२ मार्च

वाचनालयाला कळवलं, थोडं थांबा.

संध्याकाळी दादाकडे गेले, हातमोजे द्यायला. विचारलं, त्या दिवशी मैदानात मी "खाली?" म्हटल्यावर तू काय म्हणालास?

तो उठून माझ्या उजव्या बाजूला येऊन बसला. म्हणाला, फांदीच्या खोबणीतून भुसा गळताना दिसला, म्हणून बघायला पुढे आलो. आणि तेवढंच ओरडून सांगितलं.

"काय?"

"पोकळ."

मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. ओठ "मोकळं"सारखेच मिटले.