दादाचं कपाट आणि लाल पट्टीची बॅटरी

३ मार्च, सोमवार.
दादा जाऊन आज एकवीस दिवस झाले. ऑफिसात आठवड्याची रजा टाकली. सकाळी त्याची हत्यारं बाहेरच्या खोलीत मांडली. एक कॉर्डलेस ड्रिल, एक कॉर्डलेस करवत, दोन बॅटऱ्या, एक चार्जर. दुपारी मिस्त्री ती न्यायला आला. तो आणि दादा वीस वर्षं भागीदारीत सुतारकाम करत. वहिनी म्हणाली, न्या, आता घरात कोण चालवणार आहे? मी म्हणालो, मी. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आदराने असावं.
दादाने वहिनीसाठी कपाट करायला घेतलं होतं. प्रत्येक फळीवर पेन्सिलची रेषा, शेजारी त्याच्या तिरप्या अक्षरात माप. रेषेवर कापायचं आणि स्क्रू मारायचे, एवढंच बाकी. त्याची ही शेवटची वस्तू परक्याच्या हातून पुरी व्हायला नको. वहिनीने पुढच्या सोमवारपर्यंत मुदत दिली. तोवर कपाट उभं राहिलं तर हत्यारं घरात, नाहीतर मिस्त्रीकडे. जाताना मिस्त्री म्हणाला, साहेब, जपून. ती फाइल नाही.
चोवीस वर्षं रेकॉर्ड विभागात आहे. फाइलही जपावीच लागते.

४ मार्च, मंगळवार. सकाळी १०.
माहितीपत्रक वाचायला घेतलं. सुरक्षिततेवर एकोणीस पानं. ती बेसावध माणसांसाठी असतात. सोडली.

दुपारी १२.
जबडा सुजलाय. भोक पाडणारं बिट लाकडात अडकलं. बिट थांबलं आणि त्याऐवजी ड्रिल फिरलं. मनगट पिळवटलं, ड्रिलची मूठ गालफडावर बसली. दाढ हलते आहे. वहिनीने सोडलेल्या पानांतलं एक मोठ्याने वाचून दाखवलं. ड्रिल दोन्ही हातांनी धरा. माझ्या दुसऱ्या हातात चहा होता.
एकूण सुरुवात चांगली. ड्रिलमध्ये ताकद आहे हे कळलं.

५ मार्च, बुधवार.
कपाट भिंतीला अडकवण्यासाठी आधी भोकं पाडून ठेवावीत असा विचार केला. चौथं भोक अनपेक्षितपणे सोपं गेलं. पलीकडे शेजारच्या मास्तरांची खोली निघाली. मास्तर आले ते थेट माझी कॉलर धरायलाच. म्हणाले, माझ्या डोक्यापासून वीतभर अंतरावर आलं ते! भिंत पाडताय की माणसं मारताय? मी शांतपणे समजावत होतो. बोट मात्र ट्रिगरवर होतं. मास्तरांचा शर्ट बिटला गुंडाळला गेला, बटणं तडातड उडाली, आणि आम्ही दोघं नाकाला नाक लावून उभे राहिलो. बॅटरी काढली वहिनीने.
मास्तरांच्या छातीवर ओरखडा आहे. खोल नाही. ते तसं म्हणत नाहीत.

६ मार्च, गुरुवार.
करवत. पात्यावरचं झाकण रेषा दिसू देत नाही, म्हणून दोरीने मागे बांधलं. फळी रेषेवर कापली. खालचं स्टूलही कापलं. पातंच खराब असावं असं वाटून ते बदलायला गेलो, तर करवत आपोआप सुरू झाली. आपोआप म्हणजे बॅटरी आतच होती आणि अंगठा ट्रिगरवर. तर्जनीला चार टाके. भिंतीवर छतापर्यंत लाल शिंतोडे. डॉक्टर म्हणाला, नशीबवान आहात. माझंही तेच मत आहे.
उद्यापासून नियम: पातं बदलताना मन शांत ठेवायचं.

७ मार्च, शुक्रवार.
डाव्या हाताने काम. दोन्ही बॅटऱ्या पार उतरेपर्यंत चालवल्या, लगेच चार्जरला लावल्या. तापून हाताला चटका देत होत्या. चार्जरचा लाल दिवा लुकलुकत राहिला, घेईचना. अर्धा तास वाया. करवतीला लाथ मारली. मग फळीला. मग जी दिसेल तिला. अंगठ्याचं नख गेलं.
गॅलरीत एक चांगली गोष्ट सापडली. पत्र्याच्या डब्यात वाळू, वाळूत पुरलेली तिसरी बॅटरी, वर लाल पट्टी. जरा गुबगुबीत आहे. दादाने सगळ्यात दमदार बॅटरी अशी थंड जागी राखून ठेवलेली दिसते. पट्टी काढून, पुसून ठेवली. ही रविवारसाठी.

८ मार्च, शनिवार.
मिस्त्री न बोलावता आला. बांधलेलं झाकण पाहिलं, टाके पाहिले. म्हणाला, साहेब, पात्याला हात लावायच्या आधी बॅटरी बाहेर. दादांनी एवढंही नाही शिकवलं?
दादाने मला काही शिकवलं नाही. मी कधी विचारलंच नाही.
मग त्याने गॅलरीत रिकामा डबा पाहिला. साहेब, ती वाळूतली बॅटरी... एवढं म्हणाला आणि मी त्याच्या थोबाडीत मारली. तिच्यावरच डोळा होता तर! बावन्न वर्षांत कुणावर हात उचलला नव्हता. दुसरीही मारली. त्याने माझा हात मागे पिरगाळून मला भिंतीला दाबलं, म्हणाला, दादांचे भाऊ आहात म्हणून सोडतो. त्याचे डोळे भरले होते. लागलं असावं. जिन्यातून तो काहीतरी ओरडत होता. मी दार लावून ड्रिल सुरू केलं.
मन अगदी शांत.

९ मार्च, रविवार.
दुपारी तिसरी बॅटरी चार्जिंगला लावली. आपटू नये म्हणून चार्जर दादाच्या गादीवर ठेवला. शेजारी सगळ्या फळ्या टेकवल्या होत्या. आत जेवायला बसलो. आधी शिट्टीसारखा आवाज, मग पांढरा धूर, मग स्फोट. बॅटरीचा एक तुकडा खिडकीची काच फोडून बाहेर गेला. गादीने पेट घेतला. वहिनी ओरडली, भावजी, मागे व्हा! मी झालो नाही. हाताला लागलं ते उचललं आणि आगीला बडवत सुटलो. शिव्या देत होतो. कोणाला ते आठवत नाही. वहिनीने डब्यातली वाळू ओतली. मास्तर दोन बादल्या घेऊन धावत आले.
आग विझल्यावर हातात काय आहे ते पाहिलं. दादाने आखलेलं कपाटाचं दार होतं. अर्धं उरलं होतं. माप नव्हतं त्या भागावर.

१० मार्च, सोमवार.
मिस्त्री आला. गालावर वळ होते. माफी मागायचं ठरवलं होतं. चहा घेणार का, असं विचारलं. तो म्हणाला, ती बॅटरी तिसऱ्या मजल्यावरून पडली होती, साहेब. फुगली, म्हणून दादांनी वाळूत ठेवली. म्हणाले, खराब बॅटऱ्या जमा करायच्या जागी नेऊन देऊ. त्यांना वेळच मिळाला नाही.
त्याने ड्रिलमधून आणि करवतीतून बॅटऱ्या काढल्या, वेगळ्या ठेवल्या, झाकणाची दोरी सोडली. मी हत्यारांची पेटी दारापर्यंत धरली.
वहिनीला म्हणालो, कपाट राहिलं. ती म्हणाली, कपाट कोणाला हवं होतं, भावजी? वाटलं, दोन दिवसांत थकाल आणि रडाल एकदाचे. मुदत त्यासाठी होती. मग ती आत जाऊन झोपली. आठवडाभर झोपली नव्हती म्हणे.
रविवारी चार्जर लावताना, हीच बॅटरी ना, असं दादाला हाक मारून विचारणार होतो. तोंड उघडलंही होतं.
संध्याकाळी बादली घेतली आणि डाव्या हाताने बाहेरच्या खोलीची फरशी पुसली. पाणी तीनदा बदललं.