मागे घेतलेला लेख

४ ऑक्टोबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या विद्यापीठाच्या फाटकासमोरच्या बाइंडिंगच्या दुकानात मी तीन महिने टिकलो, हे आधी बाबांना कळव. कॉलेज अर्धवट सोडलं ते सोडलं, पण पुस्तकाचा कणा शिवण्यात माझा हात धरणारा इथे कोणी नाही.

आज मात्र डोकं फिरलंय. तुझी ती पीएच.डी.ची विद्यार्थिनी (हो, तीच, चिडवू नकोस) अहवालाच्या तीन प्रती बांधायला देऊन गेली. चाळतो तर काय, तुझ्या गाजलेल्या लेखात चूक आहे म्हणे! ज्या लेखाने तुला वित्त विभागातलं सगळ्यात मोठं पद दिलं, त्यावर ही बोट ठेवणार? ती न्यायला आली तेव्हा ताडकन सांगितलं, प्रती मिळणार नाहीत. भांडली असती तर बरं झालं असतं. पावती माझ्यापुढे ठेवली आणि गेली. तेव्हापासून जेवणाचा डबा तसाच पडलाय.

रागावलीस तरी माया आटवू नकोस.
तुझा,
भडक्या

५ ऑक्टोबर

चि. भडक्यास,
अ. उ. आ.

गाढवा, ती आधी माझ्याकडेच आली होती. मी तीन दिवस सगळं पुन्हा तपासलं. पोरीचं बरोबर आहे. शेअर वीस वर्षं ठेवले तर किती फायदा होतो, हे मी मांडलं. पण यादी घेतली ती आज चालू असलेल्या कंपन्यांची. मधे बुडाल्या त्या सुटल्याच. मग फायदा फुगलेला दिसणारच! आणि त्यावर विसंबून लोक निवृत्तीची पुंजी गुंतवतात.

परवा सभागृहात सगळ्यांसमोर लेख मागे घेते आहे. कुलगुरू म्हणाले, गाजावाजा कशाला, गुपचूप दुरुस्ती छापा. मी नाही म्हटलं. पद गेलं तर गेलं. पण पुरावा तिच्या त्या प्रतींत आहे आणि त्यावर तू ठाण मांडून बसलायस.

तिच्यावर जीव जडलाय म्हणतोस, तर तिचं लिहिलेलं शेवटपर्यंत वाच तरी. शेवटच्या पानावर तिने माझे आभार मानलेत.

जेवत जा. लोभ आहेच, तो काही मागे घेत नाही.
तुझी,
आत्या

७ ऑक्टोबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

शेवटचं पान वाचलं. रेक्झिन सोडून चांगल्या कापडात बांधणी केली, सकाळी प्रती तिच्या हातात दिल्या आणि माफी मागितली. ती म्हणाली, आधी शिवण तपासते, मग बघू.

तुझ्या सभेला मी मागच्या रांगेत होतो. चूक माझी, शोध हिचा, असं तू म्हणालीस आणि तिला उभं केलंस. कोणीतरी खोचकपणे विचारलं, बाकीच्या लेखांचं काय? तू शांतपणे म्हणालीस, तेही तपासायला दिलेत. पदाचं महिन्याभरात ठरेल म्हणे. ठरू दे! सभागृहात उंच एकटी तूच होतीस.

शेजारच्या म्हाताऱ्या प्राध्यापकांनी विचारलं, बाई तुमच्या कोण? एरवी मी बाइंडिंगवाला म्हणून सुटतो. कॉलेज सोडलेला भाचा, तुला कमीपणा नको. आज इतक्या मोठ्याने सांगितलं, माझी सख्खी आत्या, की तीन रांगा वळल्या. तीही वळली. हसली नाही, पण आपल्या शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

आशीर्वादाचा हात डोक्यावर असाच असू दे.
तुझा,
भाचा