हिल्केचं पोकलेन आणि खोटारडे सेन्सर

६ ऑक्टोबर, सोमवार
जुनी पोकलेन विकून पोट भरणाऱ्या माझ्या बंधूंनो! आपलं दुःख एकच आहे. पूर्वी इंजिन बिघडलं की आपण इंजिन उघडायचो. आता एक डबा स्क्रीनवर आकडा दाखवतो आणि डोळे मिटूनही पंप जोडू शकणारी आपण माणसं त्या आकड्यापुढे मान तुकवतो. ही गुलामी मी संपवणार!
(ही डायरी कोणी वाचणार नाही, माहीत आहे. पण कॉफीच्या वेळी यार्डात भाषण करायला बायकोने, बाउक्येने, बंदी घातली आहे. नवऱ्याला कुठेतरी बोलू द्यायला हवं.)
आज हिल्केचं मशीन तयार झालं. हिल्के म्हणजे बाउक्येचा धाकटा भाऊ. गावातल्या शेतकऱ्यांचे नाले साफ करायचं काम त्याने पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर घेतलंय. ३ नोव्हेंबरला पाणी मंडळाची पाहणी. तोवर गाळ आणि वेल निघाले नाहीत, तर पुढच्या वर्षी त्याला कोणी दारात उभं करणार नाही. त्याचं जुनं मशीन मी बदल्यात घेतलं आणि लगेच परदेशी विकून बोटीवर चढवलं. आता त्याच्याकडे हेच एक.
रंग काय बसलाय! आमच्या यार्डाचा नियम: प्रत्येक बोल्ट, प्रत्येक पट्टी काढायची, तिच्याखालीही रंग मारायचा, मग परत बसवायची. बोल्सवर्ड गावचा गोसे, माझ्यासारखाच पोकलेनवाला आणि वर नालेही उपसणारा, नुसती चिकटपट्टी लावून वरून फवारतो. भेकड.

९ ऑक्टोबर, गुरुवार
हिल्के पहिल्याच नाल्यावरून परत. धोक्याचा दिवा लागला, इंजिनातला जीव गेला. स्क्रीन म्हणते, इंजिनातल्या पाण्याच्या तापमानाचा सेन्सर. स्क्रीन बघण्याआधीच मी ते ओळखलं होतं. म्हणजे, ओळखलं असतं. नवीन सेन्सर बसवला.
हिल्के म्हणाला, "दाजी, नक्की ना?"
मी म्हटलं, पृथ्वी फिरते म्हणणाऱ्यालाही लोकांनी हेच विचारलं होतं.
विषय संपला.

१३ ऑक्टोबर, सोमवार
विषय संपला नव्हता. पण आज डिझेलच्या दाबाचा सेन्सर! म्हणजे पहिली दुरुस्ती अचूक होती, हे सिद्ध झालं.
हिल्के सांगत होता, धुक्यात लाईट लावले की तापमानाचा काटा उडी मारतो. मी म्हटलं, मग लाईट लावू नकोस.
"धुक्यात, दाजी? नाल्याच्या काठावर?"
या पिढीत हिंमतच नाही.
संकल्प: उद्यापासून पद्धतशीर. आधी मीटरने मोजायचं, मग सुटा भाग मागवायचा.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
मीटरची बॅटरी स्वयंपाकघरातल्या घड्याळात सापडली. काढली तर घड्याळ थांबेल आणि बाउक्येच्या रेडिओवरच्या बातम्या चुकतील. संसारात शांतता महत्त्वाची. सेन्सर मागवला.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
आता क्रँकचा, इंजिनाच्या फेऱ्या मोजणारा सेन्सर. विब्रेन नावाच्या शेतकऱ्याच्या नाल्यात बकेट खाली असतानाच इंजिन बंद. ट्रॅक्टरने ओढून काढावं लागलं. विब्रेन म्हणे, "नाला राहिला तसाच, पण गाळात उभं राहून काय देखणं दिसत होतं रे ते!"
निदान रंगाची पारख आहे माणसाला.

२१ ऑक्टोबर, मंगळवार
तिन्ही सेन्सर नवे, तिन्ही तक्रारी कायम. थोर बुद्धीला इथेच सत्य दिसतं: दोषी सेन्सर नाहीत, इंजिनाचा कॉम्प्युटरच राजद्रोही आहे. भंगारातून दुसरा आणतो.
जेवताना बाउक्येने विचारलं, "तू अजून मीटर लावलाच नाहीस?"
मी तिला शांतपणे समजावलं, की ज्यांना अंतर्दृष्टी नसते त्यांना मीटर लागतो. रोमपासून सुरुवात केली.
ती म्हणाली, "वाटाण्याचं सूप निवतंय. आणि माझा भाऊ नीट झोपत नाहीये."
तिला तत्त्व आणि झोप यांतला फरक कळत नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार
कॉम्प्युटर बदलला. आता सगळेच सेन्सर एकदम खोटं बोलतात! इंजिन गार असताना पाणी उकळतंय म्हणे. वायपर लावला की इंजिन गुदमरतं. हा कट आहे.
संध्याकाळी हिल्के आला. मशीनकडे बघितलंसुद्धा नाही. "विब्रेनने गोसेला बोलावलं, दाजी. बाकीचेही बोलावतील. त्यांचा तरी काय दोष?"
त्याने आवाज चढवला असता तर मी उत्तर दिलं असतं. माझ्याकडे तयार होतं.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार
केवळ कुतूहल म्हणून मीटर लावला. (घड्याळ बंद.)
एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं कॉम्प्युटरच्या अर्थिंगच्या पट्टीला. सगळे लाईट चालू. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. दोन व्होल्टच्या वर!
पट्टी सोडली. खाली, चॅसीवर, माझा रंग. दोन हात, आरशासारखा. उघड्या लोखंडाचा ठिपकाही नाही. करंटला परत जायला वाट होती ती बोल्टच्या आट्यांमधून, चोरासारखी. त्यात लाईट लावले की सगळ्या सेन्सरांचे आकडे बिघडायचे. बिचारे.
रंग खरवडला, पट्टी आवळली. लाईट, वायपर, हीटर सगळं लावून बघितलं. काटा दगडासारखा स्थिर.
चूक कामात नव्हती, कामाच्या दर्जात होती. असा रंग दुसऱ्या कोणाला जमला असता का?
हिल्केला फोन केला. उचलला नाही. ऐकलं की नाचेल.

३ नोव्हेंबर, सोमवार
पाणी मंडळाची माणसं सकाळपासून काठाकाठाने फिरली. नाले स्वच्छ. सगळे गोसेने केले. पुढच्या वर्षीचं कामही त्यालाच, विब्रेन कॉफी पिता पिता बोलला, मी तिथे आहे हे विसरून.
चर्चमागे राहणाऱ्या म्हाताऱ्या आन्त्येचा नाला तेवढा हिल्केकडे राहिला होता. मी पोकलेन ट्रेलरवर घालून नेलं. तो कमरेइतक्या पाण्यात, लांब दांड्याच्या दाताळ्याने वेल ओढत होता. मी इंजिन चालू केलं. घड्याळासारखं. म्हटलं, ऐक, हिल्के, ऐक!
"नको, दाजी. थोडंच राहिलंय." वर बघितलंही नाही. ओठ निळे पडले होते. मी इंजिन बंद केलं.
त्याचा नाला पास झाला. तो एकच.
बंधूंनो! मशीन चालतंय. शपथेवर सांगतो, चालतंय. तुमच्यापैकी कोणाच्या गावात एखादा नाला, चर, खड्डा, काहीही उरलं असेल, तर हिल्केला फोन करा. आजच करा. माझा तो उचलत नाही.