अर्ध्या चढावरची ख्यालीखुशाली

आदरणीय मुहन्ना मामांस,

भाचा हिलाल याचा सलाम. तुमचे गुडघे, मामींचा खोकला आणि खजुराच्या बागेचं पाणी, तिन्हींची हालहवाल कळवावी. इकडे अल्लाच्या कृपेने सगळं ठीक (तुमच्या गाडीविषयी खाली लिहितो, आधी बसून घ्या).

परवा मी डोंगरावर खल्फानकाकांच्या गावी निघालो. त्यांच्या मुलीला, रय्याला, रीतसर मागणी घालण्याआधी मुलाने एकदा तोंड दाखवून यावं, असं आईचं म्हणणं. शेवटचा कच्चा रस्ता लांबीला थोडकाच, पण भिंतीला शिडी लावावी तसा उभा. चारही चाकांना जोर देऊन, पहिल्या गिअरमध्ये अर्धा चढ चढलो आणि सगळ्यांत अरुंद वळणावर वरून काकांचीच जीप येताना दिसली.

नियम तुम्हीच शिकवलात, चढणाऱ्याला वाट द्यायची, उतरणाऱ्याने मागे जायचं. पण होणाऱ्या सासऱ्याला मागे कसं रेटायचं? म्हणून मी मागे घेतली. पाहुण्याला परत कसं पाठवायचं, म्हणून त्यांनीही मागे घेतली. मग दोघंही पुढे आलो. असं तीनदा झालं (माणसाने शालीन असावं, पण दरीच्या काठावर जरा कमी असावं). तिसऱ्या वेळी माझं मागचं उजवं चाक कडेवरून घसरलं. खालची खडी सुटली आणि ती तळाला पोचल्याचा आवाज काही येईना. तुमच्या गाडीचा हँडब्रेक नावापुरताच. सगळा भार ब्रेकवरच्या माझ्या पायावर. मामा, मी फार घाबरलो होतो.

अशात काकांनी खिडकीतून डोकं काढून ख्यालीखुशाली सुरू केली. आई कशी, भाऊ कसे, शेळ्या कशा, पाऊस कुठवर झाला. आता आपल्यात कोणी "काय बातमी?" असं विचारलं, की घराला आग लागलेली असली तरी आधी "काही बातमी नाही, सगळं कुशल" असंच म्हणायचं असतं. मी तेच म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा कुशल सांगितलं. गाडी वीतभर मागे सरकली.

तेव्हा जीपमधून रय्या उतरली. तिने माझ्या टेकलेल्या चाकांमागे दोन धोंडे लावले आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, यांचं एक चाक हवेत आहे. बातमी ही आहे." मग मला म्हणाली, "तुम्ही पलीकडे सरका."

मी सरकलो. तिने गाडी वर नेली. काका पुढे जीप उलटी चढवत होते, एक डोळा रस्त्यावर ठेवून आणि एक आमच्यावर. वर कॉफी झाली, खजूर झाले. लग्नाचा विषय कोणी काढला नाही आणि माझी तर हिंमतच झाली नाही.

तुमचा आज्ञाधारक,
हिलाल

ता. क. काकांचा निरोप आलाय, मागणीचं उत्तर घरच्या वडीलधाऱ्यालाच देईन. तेव्हा गुरुवारी तुम्हाला यावंच लागेल.

आणखी ता. क. गाडी अजून वरच आहे. मी पायी उतरलो.

शेवटचा ता. क. आत्ताच आईच्या नावे रय्याची चिठ्ठी आली. गुरुवारी आपण पायथ्याशी थांबायचं, ती न्यायला येणार. लिहिते, "मामांना पुढे बसवा, यांना मागे. यापुढे नेहमी मागेच." त्यातलं "यापुढे नेहमी" आईने मला चारदा वाचायला लावलं.